राउटर बंद-चालू झाल्यावर लॉगरीडमध्ये रात्रीचं काहीच का सापडत नाही?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे नंतर कुणी वाचलं तर संदर्भ लागेल. ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीची लिनक्सवर आधारलेली फर्मवेअर) टाकलेला राउटर आहे, १२८ एमबी रॅम, पुढे फायबरवाल्याचा ओएनटी (फायबर जिथे येऊन संपते तो डबा), कनेक्शन पीपीपीओईचं, म्हणजे राउटर युजरनेम-पासवर्ड देऊन जोडला जातो ते. आठवड्यातून काही वेळा रात्री दीड-दोनच्या सुमारास नेट जातं आणि सकाळी परत आलेलं असतं. फायबरवाला म्हणतो आमची लाइन क्लिअर आहे, राउटर बदला. तुम्ही सकाळी एसएसएच करून (पीसीवरून राउटरच्या कमांड लाइनवर जाऊन) लॉगरीड, म्हणजे राउटरच्या नोंदी दाखवणारी कमांड, मारला तर रात्रीची एकही ओळ नाही. सुरुवातीच्या ओळींवर बारा दिवसांपूर्वीची तारीख आणि तिथून एकदम आज सकाळचे ६:०९. डीमेसेजमध्ये (सिस्टिमच्या गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, मेसेज दाखवणारी कमांड) नुसतं बूटचं पुराण. वार-लॉग फोल्डरमध्ये लॉगची फाइलच नाही. आणि विचारताय की लॉगरीडला जुने लॉग दाखवणारी एखादी फ्लॅग आहे का.

तशी फ्लॅग नाही. पण तुम्ही जे पेस्ट केलंय त्यातच अर्धं उत्तर आहे आणि ते तुमच्या नजरेतून सुटलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. (कमांड आणि लॉगच्या ओळी इथे मराठी अक्षरांतच लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच नेहमीसारख्या रोमनमध्ये टाका. डॅश म्हणजे आडवी रेघ, पाइप म्हणजे उभी रेघ, एवढं समजून घ्या.)

लॉगरीड कुठलीही फाइल वाचत नाही. ओपनडब्ल्यूआरटीवर लॉगडी नावाचा एक प्रोसेस सतत चालू असतो, त्याने रॅममध्ये एक ठरावीक जागा धरून ठेवलेली असते आणि पीपीपीडी (पीपीपीओई जोडणारा), होस्टएपीडी (वायफाय सांभाळणारा), डीएनएसमास्क (डीएनएस आणि आयपी वाटप बघणारा), कर्नल, सगळ्यांचे मेसेज तो त्या जागेत टाकत राहतो. तुम्ही लॉगरीड म्हटलं की तो यूबसवरून (प्रोग्रॅमनी आपसात बोलायचा आतला मार्ग) लॉगडीला विचारतो, बाबा तुझ्याकडे आत्ता काय काय आहे, आणि ते स्क्रीनवर ओततो. संपलं. जागा भरली की सीसीटीव्हीच्या डीव्हीआरसारखं सगळ्यात जुनं पुसून त्यावर नवीन चढतं. कंपनीच्या मूळ फर्मवेअरमध्येही बऱ्याच ठिकाणी बिझीबॉक्सचा लॉगरीड असतो, त्याची आतली रचना वेगळी आहे, तिथे सिसलॉगडी शेअर्ड मेमरीत लिहितो आणि तेही तो डॅश मोठा सी लावून सुरू केला असेल तरच, नाहीतर लॉगरीड सरळ म्हणतो बफर सापडत नाही. पण तत्त्व तेच, जे आहे ते रॅममध्ये. आणि वार-लॉगमध्ये शोधून उपयोग नाही कारण ओपनडब्ल्यूआरटीवर वार हा टेंपकडे जाणारा नुसता दुवा आहे आणि टेंप म्हणजे परत रॅमच. त्यामुळे टेंपमध्ये फाइल बनवून 'लॉग सेव्ह केला' असं समजणारे खूप भेटतात, तो सेव्ह बिव्ह काही नसतो, लाईट गेली की तोही गेला.

म्हणजे रात्री दोनची ओळ सकाळी सात वाजता दिसायची असेल तर तोपर्यंत तीन गोष्टी व्हायला नकोत: राउटर रिस्टार्ट व्हायला नको, लॉगडी रिस्टार्ट व्हायला नको, आणि मधल्या काळात इतके मेसेज यायला नकोत की ती ओळ पुसली जाईल. 'लॉगरीडने जुनं कसं वाचू' हा प्रश्न म्हणूनच जरा चुकीच्या टोकाने विचारला जातो. आधी या तिघांपैकी तुमच्याकडे काय झालं ते ठरवायचं, कारण तिन्हींवर उपाय वेगळा आहे आणि ते न बघता लोक थेट बफर वाढवायला जातात.

ठरवायला दोनच गोष्टी लागतात. एक अपटाइम कमांड, राउटर किती वेळ सलग चालू आहे ते सांगणारी. दुसरं लॉगरीडची पहिली ओळ, म्हणजे लॉगरीड पाइप हेड मारा. अपटाइम सांगतो दहा दिवस आणि लॉगची पहिली ओळ पहाटे चारची, तर सहसा बफर भरून फिरलाय. अपटाइम दहा दिवस, पहिली ओळ पाच मिनिटांपूर्वीची आणि पाच मिनिटांपूर्वी तुम्हीच लुसीमध्ये (ओपनडब्ल्यूआरटीचं ब्राउझरमधलं सेटिंगचं पान) लॉगची सेटिंग बदलून सेव्ह केलीय, तर लॉगडी रिस्टार्ट झाला आणि त्याने धरलेली सगळी मेमरी त्याच्यासोबत गेली. ही गोष्ट माहीत नसल्याने लोक काय करतात तर घटना घडल्यावर घाईघाईने बफर साइझ वाढवतात आणि त्याच क्षणी हातातला पुरावा पुसतात. आधी आहे ते उतरवून घ्या, मग सेटिंगला हात लावा. आणि अपटाइमच तीन तासांचा असेल तर विषय मिटला, राउटर बंद पडून परत चालू झालाय.

आता तुमची पेस्ट बघा. पहिल्या चाळीसएक ओळींवर बारा दिवसांपूर्वीची तारीख. तुम्हाला वाटलं ते बारा दिवसांपूर्वीचे लॉग आहेत आणि मधलेच नेमके गायब झालेत. तसं नाहीये. स्वस्त घरगुती राउटरमध्ये घड्याळाची बॅटरी नसतेच. बूट होताना त्याला आज तारीख काय हे माहीत नसतं, मग ओपनडब्ल्यूआरटी ईटीसी फोल्डरमधल्या सगळ्यात शेवटी बदललेल्या फाइलची वेळ घेतं आणि तीच आत्ताची वेळ धरून कामाला लागतं. नंतर नेट जोडलं गेलं की एनटीपीकडून खरी वेळ मिळते आणि घड्याळ एकदम उडी मारतं. तुम्ही बारा दिवसांपूर्वी काहीतरी सेटिंग बदललं असणार, वायफायचा पासवर्ड, पोर्ट फॉरवर्डिंग, काहीही. त्यामुळे बूटच्या ओळींवर ती तारीख आली. या सगळ्या ओळी आज सकाळच्याच आहेत.

पडताळा हवा असेल तर कर्नलच्या ओळी बघा. त्यात तारखेनंतर चौकटी कंसात एक दशांश आकडा असतो, तो बूट झाल्यापासूनचे सेकंद. तारीख खोटं बोलू शकते, हा आकडा नाही. तुमच्या पेस्टमध्ये उडीच्या आधीच्या शेवटच्या कर्नल ओळीवर ३८ पॉइंट काहीतरी आहे. म्हणजे बूट होऊन साधारण पाऊण मिनिटात नेट लागलं, वेळ मिळाली आणि घड्याळ ६:०९ वर आलं. मागे मोजा, राउटर ६:०८ च्या आसपास चालू झाला. यातून दोन गोष्टी निघतात. एक, रात्री दोनला नेट गेलं तेव्हा राउटर रिस्टार्ट झाला असं म्हणायला काहीच आधार नाही, रिस्टार्ट सकाळी सहा-आठला झालाय. दोन, सहा-आठला लाइन धडधाकट होती, कारण पीपीपीओई पहिल्याच झटक्यात जोडलं गेलं.

मग सहा-आठला काय झालं? घरी विचारा. खरंच विचारा, मी थट्टा करत नाहीये. सकाळी सगळ्यात आधी जो उठतो तो नेट नाही म्हणून बोर्डावरचं बटण बंद करतो, दहा सेकंद थांबतो आणि परत चालू करतो. आई-बाबा, पेइंग गेस्ट, ऑफिसात शिपाई, सगळीकडे हाच रिवाज आहे आणि त्यांचंही चुकत नाही, त्यांना नेट हवंय. पण तुमचा लॉग त्या दहा सेकंदांत जातो. ज्या साइटवर मला असा प्रॉब्लेम शोधायचा असतो तिथे मी सरळ स्विचला कागदाची पट्टी चिकटवतो, 'बंद करू नका, आधी फोन करा'. निम्म्या केसेस त्या पट्टीनेच सुटतात.

घरच्यांनी नाही म्हटलं तर पुढची शक्यता क्रॉनटॅब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कमांडची यादी. यूट्यूब बघून 'रोज सकाळी राउटर रिबूट' टाकून ठेवलेले बरेच असतात आणि नंतर विसरतात. क्रॉनटॅब डॅश एल मारून बघा. रिस्टार्ट रोज अगदी त्याच मिनिटाला होत असेल तर हेच. तिसरी शक्यता लाईट. महावितरणची लाईट एक क्षण जाऊन येते, इन्व्हर्टर आहे म्हणून तुम्हाला कळतही नाही, पण बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरला मागे यूपीएस मोड आणि इको मोड असं बटण असतं आणि ते इकोवर असेल तर बदलायला जास्त वेळ लागतो, पंखा-दिवा निभावतो, राउटर मात्र रिस्टार्ट होतो. ॲडॅप्टर जुना होऊन मान टाकत असेल तरी हेच दिसतं. लॉगरीडमध्ये या सगळ्यांची खूण एकच, अगदी कोरी सुरुवात. त्यातून कारण ओळखता येत नाही.

अपवाद एकच, कर्नल स्वतः कोसळला असेल तर. त्या वेळी वीज गेलेली नसते, चिप फक्त रिसेट होते आणि रॅममधलं बरंचसं जागेवरच राहतं. काही मॉडेलवर त्यासाठी रॅमचा एक कोपरा राखून ठेवलेला असतो, रॅमउप्स म्हणतात त्याला, आणि पुढच्या बूटला सिस-एफएस-पीस्टोअर या फोल्डरमध्ये मेलेल्या कर्नलचे शेवटचे शब्द फाइल म्हणून मिळतात. प्रत्येक राउटरवर ही सोय नाही. फोल्डर रिकामा असेल तर 'क्रॅश नाही' असा निष्कर्ष काढू नका, पण काही सापडलं तर सोनंच. आणि बटण बंद केलं असेल तर तेही जातं, म्हणून परत ती पट्टी.

आता मुख्य काम, आज रात्रीचा लॉग उद्या सकाळपर्यंत टिकवायचा कसा. तुमच्याकडे केबलने जोडलेला एखादा पीसी किंवा जुना लॅपटॉप रात्रभर चालू ठेवता येत असेल तर सगळ्यात सोपा मार्ग हा: राउटरवर लॉग इन न करता पीसीवरूनच एसएसएच कमांडच्या शेवटी राउटरवर चालवायची कमांड लिहायची, म्हणजे एसएसएच रूट ॲट १९२.१६८.१.१, मग लॉगरीड डॅश एफ, मग मोठे-पेक्षाचं चिन्ह आणि फाइलचं नाव. ते चिन्ह तुमच्या पीसीच्या बाजूला काम करतं त्यामुळे फाइल पीसीच्या डिस्कवर बनते. डॅश एफ म्हणजे नवीन ओळ आली की लगेच दाखवत राहा. राउटर मेला तरी तोवरच्या ओळी पीसीवर आलेल्या असतात. फक्त वायफायवरून करू नका, वायफाय पडलं तर एसएसएच तुटतं आणि नेमकं नको तेव्हा तुटतं. आणि लॅपटॉपचं स्लीप बंद करायला विसरू नका.

एकदाच आहे तो लॉग उतरवून घ्यायचा असेल तर तीच कमांड डॅश एफ शिवाय. एससीपीच्या (एसएसएचवरून फाइल कॉपी करायच्या कमांडच्या) भानगडीत पडू नका, नवीन ओपनएसएसएचचा एससीपी एसएफटीपी वापरतो आणि राउटरवरच्या ड्रॉपबेअर या छोट्या एसएसएच सर्व्हरसोबत एसएफटीपी सर्व्हर येत नाही, मग एरर येतो आणि अर्धा तास जातो (डॅश मोठा ओ लावला की चालतं, पण वरची पद्धत असताना गरजच काय).

कायमची सोय हवी असेल तर रिमोट सिसलॉग, म्हणजे राउटरने आपले लॉग नेटवर्कवरून दुसऱ्या यंत्राकडे पाठवत राहणं. लुसीमध्ये सिस्टिम, त्यात परत सिस्टिम, आणि लॉगिंगचा टॅब. तिथे एक्स्टर्नल सिस्टिम लॉग सर्व्हर म्हणून घरातल्या रास्पबेरी पायचा किंवा एनएएसचा आयपी टाका, पोर्ट ५१४, प्रोटोकॉल यूडीपी. पायवर ते लॉग घेऊन साठवणारा आरसिसलॉग लागेल. डेबियन १२ पासून तो आपोआप येत नाही, आधी इन्स्टॉल करा, मग त्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये यूडीपी ऐकायच्या दोन ओळी तयारच असतात, पुढचे हॅश काढले आणि सर्व्हिस रिस्टार्ट केली की झालं. हे सगळं घरातल्या घरात चालतं, बाहेरचं नेट बंद असलं तरी फरक पडत नाही, आणि नेट गेल्याचेच तर लॉग हवेत आपल्याला. एकच मर्यादा: राउटर अचानक गोठला किंवा वीज गेली तर अगदी शेवटची एकदोन वाक्यं पोचतीलच असं नाही, यूडीपी पोचपावती मागत नाही. तरी रात्रीचे बहुतेक प्रश्न नेट तुटण्याचे असतात, राउटर गोठण्याचे नाही, त्यामुळे चालून जातं.

फ्लॅशवर लॉग लिहायची सोयही सेटिंगमध्ये दिसेल, लॉग फाइलचा रस्ता द्यायचा रकाना आहे. यूएसबी पेनड्राइव्ह लावला असेल तर जरूर वापरा. राउटरच्या स्वतःच्या फ्लॅशवर मात्र मी सहसा लिहू देत नाही. ८-१६ एमबीची ती चिप, त्यावर सतत बारीक बारीक लिहित राहणं तिच्या तब्येतीला चांगलं नाही, आणि जागा भरली की सेटिंग्जसुद्धा सेव्ह होईनाशा होतात. एखाद्या रात्रीपुरतं केलं तर आभाळ कोसळत नाही, पण विसरून राहिलं तर त्रास.

बफर साइझबद्दल. तुमच्या कॉन्फिगमध्ये लॉग साइझ ६४ किंवा १२८ दिसेल, हे केबीमध्ये आहे. एक ओळ साधारण शंभर बाइट धरली तर ६४ केबीत ढोबळमानाने पाचसहाशे ओळी. चार माणसांच्या घरात त्या दिवसभर पुरतील, पण हॉस्टेल किंवा ऑफिस असेल तर तासाभरात फिरतात. १२८ एमबी रॅम असताना १०२४ केली तरी काही बिघडत नाही. ३२ एमबी रॅमचा जुना खटारा असेल तर मात्र हात आखडा.

पण साइझ वाढवण्याआधी कचरा कमी करा, त्याचा फायदा जास्त. एका मुलींच्या हॉस्टेलमध्ये अशीच तक्रार होती, नेट कधी तुटतं ते लॉगमध्ये सापडायचंच नाही. उघडून बघितलं तर सगळा बफर डीएनएसमास्कच्या डीएचसीपी ओळींनी भरलेला, रिक्वेस्ट, ॲक, रिक्वेस्ट, ॲक, प्रत्येक मोबाइल स्क्रीन उघडली की दोन ओळी, आणि वर होस्टएपीडीच्या कनेक्ट-डिसकनेक्टच्या ओळी. पीपीपीडीची बिचाऱ्याची एखादी ओळ त्यात कधीच वाहून गेलेली. डीएचसीपीच्या कॉन्फिगमध्ये क्वाएटडीएचसीपी एक केलं आणि क्रॉनची लॉग लेव्हल लुसीमधून वॉर्निंगवर नेली, तेवढ्याने त्याच बफरमध्ये सगळा दिवस मावायला लागला. कुणी डीएनएसच्या प्रत्येक क्वेरीचा लॉग चालू ठेवला असेल तर तो आधी बंद करा, तो एकटाच सगळं गिळतो.

डीमेसेजचा घोळ इथेच मिटवतो. डीमेसेज फक्त कर्नलचं बोलणं दाखवतो, त्याची रॅममधली जागा वेगळी, तीही गोल फिरणारी. पीपीपीडी, डीएनएसमास्क वगैरे कर्नलबाहेरचे प्रोग्रॅम, ते तिथे दिसणार नाहीत. लॉगरीडमध्ये मात्र कर्नलच्या ओळीही येतात कारण लॉगडी त्या उचलून आपल्याकडे ठेवतो. म्हणून नेट तुटण्याच्या तपासात आधी लॉगरीड, आणि इथरनेट, यूएसबी, वायफाय चिप, मेमरी कमी पडून प्रोसेस मारला गेला अशी शंका असेल तर डीमेसेज. एक सावधगिरी, कुणीतरी कुठेतरी लिहिलेलं बघून डीमेसेज डॅश सी मारू नका, ते एकदा दाखवतं आणि मग बफर रिकामा करतं. डेस्कटॉप लिनक्सवाल्यांनी हे वाचून गोंधळू नये, त्यांच्याकडे जर्नलसीटीएल आहे आणि जर्नल डिस्कवर साठत असेल तर डॅश बी उणे एक लावून मागच्या बूटचा लॉग खरोखर मिळतो. राउटरवर ते सुख नाही.

आता लॉग हातात आल्यावर वाचायचा कसा. ओळीची रचना अशी: वार, तारीख, वेळ, मग डेमन.नोटिस किंवा कर्न.वॉर्न असा जोड, मग प्रोग्रॅमचं नाव आणि कंसात त्याचा नंबर, मग मेसेज. जोडातला पहिला भाग कोण बोलतंय त्याचा प्रकार, दुसरा किती गंभीर. गंभीरपणाच्या पायऱ्या आठ, शून्य म्हणजे इमर्जन्सी आणि सात म्हणजे डीबग. यावर फार विसंबू नका, पीपीपीडी नेट तुटल्याची बातमीसुद्धा इन्फो किंवा नोटिस म्हणूनच सांगतो, त्यामुळे फक्त एरर शोधणाऱ्याला ती दिसतच नाही. मी उलट करतो, नावाने गाळतो. लॉगरीड डॅश ई पीपीपीडी, आणि मग लॉगरीड डॅश ई नेटआयएफडी (राउटरच्या नेटवर्क जोडण्या सांभाळणारा प्रोग्रॅम). डॅश ई ला रेगेक्स, म्हणजे शब्दांचा नमुना, चालतो. शेवटच्या पन्नास ओळी हव्या असतील तर डॅश एल ५०. एखादी वेळ सापडली की मग मात्र न गाळता त्या वेळेच्या आगेमागे दोन मिनिटांचा पूर्ण लॉग वाचतो, कारण कारण आणि परिणाम वेगवेगळ्या प्रोग्रॅमच्या तोंडून येतात.

पीपीपीओईत रात्री तुटण्याचे मुख्यतः चार नमुने मला दिसतात.

पहिला, नेटआयएफडी म्हणतो नेटवर्क डिव्हाइस वॅन लिंक इज डाउन, आणि त्यानंतर पीपीपीडी मरतो. म्हणजे राउटर आणि ओएनटी यांच्यातली तारच गेली: ओएनटीची वीज, ओएनटी रिस्टार्ट झाला, किंवा आरजे-४५ ची क्लिप तुटून पिन सैल झालीय. फायबरवाल्याला फोन करायच्या आधी हे बघा. पण हे मॉडेलवर अवलंबून आहे हं, नवीन डीएसए पद्धतीच्या राउटरवर (ज्यात प्रत्येक पोर्ट वेगळा दिसतो) वॅन पोर्टची, म्हणजे ओएनटीची वायर लावतो त्या पोर्टची, स्थिती अशी सरळ दिसते, जुन्या स्विचकॉन्फिगवाल्यांत बऱ्याचदा आतला पोर्ट कायम चालूच दिसतो, तिथे ओएनटीची वायर उपटली तरी ही ओळ येत नाही. आपल्या राउटरवर दिवसा एकदा वायर काढून लॉगरीड डॅश एफ मध्ये काय येतं ते बघून ठेवा, मग रात्रीचा लॉग वाचताना खात्री राहते.

दुसरा, लिंक शाबूत आहे आणि पीपीपीडी म्हणतो नो रिस्पॉन्स टू ५ एको-रिक्वेस्ट्स, पुढे सीरियल लिंक अपिअर्स टू बी डिसकनेक्टेड. सीरियल शब्दाला घाबरू नका, डायलअपच्या काळातला मेसेज आहे. अर्थ एवढाच की राउटरने पलीकडच्या सर्व्हरला पाच हाका मारल्या, ओ आली नाही. त्यानंतर टाइमआउट वेटिंग फॉर पाडो पॅकेट्स असं (पाडो म्हणजे जोडणी मागितल्यावर सर्व्हरकडून येणारं पहिलं उत्तर) परत परत येत असेल तर पलीकडे ऐकायलाच कुणी नाही: फायबर तुटलीय, मधला स्विच बंद आहे, रात्री मेंटेनन्स चालू आहे. ओएनटीवर लॉसचा (फायबरमधून सिग्नल येत नाही असं सांगणारा) लाल दिवा लागला होता का हे या वेळी महत्त्वाचं. लाल असेल तर काच, म्हणजे फायबरच गेली, लाल नसेल तर त्यांच्या पुढच्या यंत्रणेत काहीतरी.

तिसरा नमुना फायबरवाले सहसा मान्य करत नाहीत. एलसीपी टर्मिनेटेड बाय पीअर. म्हणजे समोरच्याने शिस्तीत फोन ठेवला. तुमच्या राउटरचा, वायरचा, ॲडॅप्टरचा काडीचा संबंध नाही. या ओळीच्या आसपास एक ओळ हमखास असते, कनेक्ट टाइम अमुक मिनिट्स, आणि तीच खरी गंमत आहे. एका दवाखान्यात नेट रोज साधारण एकाच वेळी तुटायचं, तिथला लोकल प्रोव्हायडर तुमच्यासारखंच राउटर बदला म्हणत होता. लॉगमध्ये प्रत्येक वेळी कनेक्ट टाइम १४४०.० मिनिट्स. चोवीस तास गुणिले साठ. त्यांच्या सर्व्हरवर सेशन टाइमआउट एका दिवसाचा लावलेला होता, सेशन लागल्यापासून बरोबर चोवीस तासांनी तो कापायचा. राउटर रात्री दोनला चालू झाला की रोज दोनला तुटणार, दुपारी रिस्टार्ट केला की दुपारी. तुमच्याकडे 'दीड-दोनच्या सुमारास' म्हणताय म्हणून हे मुद्दाम सांगतोय, पण तुमचं रोज होत नाही, आठवड्यातून काही वेळाच, आणि सकाळी कुणी रिस्टार्ट करत असेल तर चोवीस तासांचं चक्र सकाळवरच यायला हवं. त्यामुळे हे असेलच असं म्हणत नाही, आकडा बघा.

चौथा, तुटण्यापेक्षा परत न जोडलं जाण्याचा. काहीही कारणाने तुटतं, राउटर लगेच परत प्रयत्न करतो, पाडो मिळतो, पण पुढे पॅप किंवा चॅप (पासवर्ड तपासायच्या दोन पद्धती) ऑथेंटिकेशन फेल्ड. पासवर्ड तर बरोबर आहे, मग? बऱ्याचदा त्यांच्या सर्व्हरला तुमचं जुनं सेशन अजून जिवंत वाटत असतं, एका युजरला एकच सेशन असा नियम, त्यामुळे नवीन नाकारतो. जुनं त्यांच्याकडे वेळ संपून मेलं की आपोआप लागतं. तुमचं वर्णन वाचून माझा अंदाज दुसऱ्या आणि चौथ्या नमुन्याच्या मिश्रणाकडे झुकतो, रात्री काहीतरी तुटतं, मग सेशन अडकतं, आणि सकाळी कुणी बटण बंद-चालू करेपर्यंत ते बहुधा आपलं आपण सुटलेलं असतं, श्रेय मात्र बटणाला मिळतं. अंदाजच आहे, लॉग बघितल्याशिवाय मी यावर पैज लावणार नाही.

थोडक्यात आज काय करायचं: आत्ताचा लॉग आधी पीसीवर उतरवा, मग बफर १०२४ करा आणि डीएचसीपी गप्प करा, स्विचवर पट्टी लावा, केबलवरच्या लॅपटॉपवर लॉगरीड डॅश एफ रात्रभर चालू ठेवा. नेट गेलं तर राउटरला हात न लावता ओएनटीच्या दिव्यांचा मोबाइलवर फोटो काढा, वेळ फोटोतच येते.

मग इथे तीन गोष्टी टाका: सकाळचा अपटाइम, नेट गेल्याच्या वेळेच्या आगेमागे दोन मिनिटांच्या सगळ्या ओळी, आणि कनेक्ट टाइमची ओळ (तुटण्याच्या आधीच्या वेळची सापडली तर तीही). टाकण्याआधी पीपीपीओईचा युजरनेम, पब्लिक आयपी आणि होस्टएपीडीच्या ओळींतले मॅक ॲड्रेस खोडा. वेळा आणि चौकटी कंसातले सेकंद मात्र तसेच राहू द्या, मागच्या वेळी कुणीतरी 'प्रायव्हसी' म्हणून तेच पुसून पाठवले होते.